खेळ कुणाचा, दाम कुणाला?

कोणत्या खेळाडूला किती पैसे मिळतात, हा अलीकडे आपल्या घराघरांतला आवडता हिशेब झाला आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता एखादे काका हटकून म्हणतात, "एवढे पैसे! अहो, चेंडू तर मारायचा!" मग कुणी कुस्तीगिराची कीव करतो, कुणी खो-खोच्या पोरींबद्दल हळहळतो, आणि शेवटी सर्वजण एका वाक्यावर येऊन थांबतात: "जाऊ द्या हो, ज्या खेळाला बाजार, त्या खेळाला पैसा." हे वाक्य उच्चारले की वाद मिटला असे समजून मंडळी लाडवाकडे वळतात.

माझे भांडण या वाक्याशी आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. पण अर्धे खरे वाक्य पुऱ्या खोट्यापेक्षा अधिक फसवे असते. बाजार हा पावसासारखा आभाळातून पडतो, त्याला कुणी आणत नाही आणि कुणी अडवत नाही, अशी समजूत त्यामागे आहे. खेळांच्या पैशाचा इतिहास मात्र काही निराळेच सांगतो. तिथे बाजार माणसांनी बांधला आहे, त्याच्या वेशीवर माणसे बसली आहेत, आणि कुणाला आत घ्यायचे हे तीच ठरवतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हाच तिथला कायदा.

क्रिकेटपासूनच आरंभ करू. कारण सगळ्यांचा राग त्याच्यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पाळवणकर बाळू नावाचा एक चांभाराचा मुलगा पारशांच्या क्लबात तीन रुपये महिन्यावर कामाला होता. पुढे तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला, तेव्हा त्याचा पगार चार रुपये झाला. काम काय, तर खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. ग्रेग नावाच्या साहेबाला बाद केले की आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. हाच बाळू १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि शंभरावर बळी घेऊन आला. त्याच्या फिरकीला काय कमी होते? कमी होती ती त्याला आत घेण्याची तयारी. संघात खेळत असतानाही त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि तोही बाहेर दिला जाई. त्या चार रुपयांना कुणी 'बाजारभाव' म्हणणार असेल तर म्हणो. मी त्याला दुसरे नाव देतो.

आता पुढचे पान उलटा. १९८३ साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या वीरांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पैसा नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. २०२४ साली याच मंडळाने वीस षटकांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला १२५ कोटी जाहीर केले. बॅट तीच, चेंडू तोच, देशही तोच. एकेचाळीस वर्षांत असे काय घडले?

घडले ते मैदानावर नव्हे, न्यायालयात. १९९३ साली सामन्यांच्या प्रक्षेपणावरून मंडळे आणि दूरदर्शन यांच्यात तंटा लागला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची एकट्याची मक्तेदारी असू शकत नाही. त्या निकालाने सामने दाखवण्याचा हक्क वाटेल त्याला विकण्याची वाट मोकळी झाली, आणि तिथून क्रिकेटच्या घरी लक्ष्मी पाणी भरू लागली. लक्षात घ्या, ज्या लहरींवर ही संपत्ती उभी आहे त्या न्यायालयाच्याच शब्दांत जनतेच्या आहेत. जनतेच्या विहिरीचे पाणी विकून जो श्रीमंत झाला, त्याने "हा आमच्या कर्तबगारीचा बाजार" म्हणून मिशीला पीळ द्यावा, हे मला पटत नाही.

यावरून मी क्रिकेट खेळणाऱ्यांवर घसरणार असे वाटत असेल, तर तसे नाही. उलट माझे म्हणणे असे की खुद्द क्रिकेटपटूंनाही त्यांच्या श्रमाचे पुरते दाम मिळत नाही. हे ऐकून काकांच्या हातातली चकली खाली पडेल. म्हणून हिशेबच मांडतो. मी शाळामास्तर आहे. मोठे अर्थशास्त्र मला येत नाही, पण त्रैराशिक येते.

नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला लखनौच्या संघाने २७ कोटींना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. आता दुसरा आकडा पाहा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांतल्या आयपीएलचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, आणि हिशेबात सामने धरले होते ४१०. म्हणजे एका सामन्याचे झाले सुमारे ११८ कोटी. सामन्यात दोन्ही डाव मिळून ४० षटके. तेव्हा एका षटकाचे जवळजवळ तीन कोटी. पंतच्या सबंध मोसमाचे मोल नऊ षटकांच्या प्रक्षेपणाइतके! अजून पुढे चला. वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी केवळ दाखवण्याच्या हक्कातून येतात. तिकिटे आणि जाहिराती वेगळ्याच. २०२५ साली दहा संघांना आपापल्या सर्व खेळाडूंवर सामन्यांच्या मानधनासकट जास्तीत जास्त १४६ कोटी खर्च करण्याची मुभा होती; म्हणजे एकूण १,४६० कोटी. खेळणाऱ्यांचा वाटा प्रक्षेपणाच्या पैशाच्या सुद्धा सातव्या हिश्शाच्या आसपास! अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या व्यवसायात करार आहे की खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग खेळाडूंचा. तिथल्या खेळाडूंची संघटना आहे आणि ती भांडते. आपल्याकडे खेळाडूचा लिलाव होतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

तेव्हा "एवढे पैसे!" हा उद्गार काढायचा असेल तर खेळाडूकडे बोट दाखवून काढू नका. कुस्तीगीर गरीब आहे याचे कारण क्रिकेटपटू श्रीमंत आहे, हे समीकरणच चूक आहे. दोघांनाही भांडायला लावून तिसराच गल्ल्यावर बसला आहे.

"ठीक आहे," असे कुणी म्हणेल, "पण बाकीचे खेळ लोक बघतच नाहीत, त्याला कोण काय करणार?" या आक्षेपाचे उत्तर आपल्याच मातीतल्या खेळाने दिले आहे. कबड्डी हा गावच्या पटांगणावरचा खेळ. शंकरराव साळवींसारख्या माणसांनी हयात घालून तो देशभर नेला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला स्थान मिळाले, आणि मग भारताने सुवर्णपदकामागून सुवर्णपदके आणली. तरी चढाईपटूची कमाल महत्त्वाकांक्षा म्हणजे रेल्वेत, पोलिसांत नाही तर बँकेत चिकटणे. मग २०१४ साली कुणीतरी मातीच्या जागी मॅट घातली, चहूबाजूंनी कॅमेरे लावले आणि संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला तो खेळ घराघरांत आणला. पहिल्या वर्षी सर्वांत महाग खेळाडू राकेशकुमार, १२ लाख ८० हजार रुपये. २०२१ साली प्रदीप नरवाल १ कोटी ६५ लाख. २०२३ साली पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांच्या वर. नऊ वर्षांत वीसपट! या नऊ वर्षांत कबड्डी वीसपट चांगली झाली काय? पूर्वीच्या चढाईपटूंची छाती काय विसाव्या हिश्शाची होती? बदलली ती फक्त एक गोष्ट: खेळ दाखवला गेला. लोक बघत नव्हते म्हणून दाखवत नव्हते, असे आपल्याला सांगितले जात होते. खरे तर दाखवत नव्हते म्हणून लोक बघत नव्हते.

बायकांच्या खेळाचीही हीच कहाणी. "त्यांचे सामने कोण बघतो?" हे वाक्य मी सुशिक्षित घरांत, घरातल्या मुलींच्या देखत ऐकले आहे. पुरुषांची आयपीएल २००८ साली सुरू झाली. स्त्रियांची सुरू व्हायला २०२३ उजाडले. पंधरा वर्षे! पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन सारखे केले: कसोटीला १५ लाख, एकदिवशीय सामन्याला ६ लाख, वीस षटकांच्या सामन्याला ३ लाख. चांगले केले. पण वार्षिक कराराचा कागद उघडा. २०२४-२५ साली पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी आणि स्त्रियांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख. चौदा रुपयांना एक रुपया. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत जागून तो सामना बघणाऱ्यांत "कोण बघतो?" म्हणणारेही होते. त्यांनी उत्तर आपल्याच डोळ्यांनी दिले.

बाहेरच्या जगात हे भांडण आधीच लढले गेले आहे. १९६८ साली विम्बल्डनमध्ये रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले आणि बिली जीन किंगला ७५०. ती बाई गप्प बसली नाही. तिने नि तिच्या मैत्रिणींनी वेगळी स्पर्धा उभारली, संघटना उभारली. १९७३ साली अमेरिकेतल्या स्पर्धेने बक्षिसे सारखी केली, आणि विम्बल्डनला मात्र ते शहाणपण यायला २००७ साल लागले. आज जगातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या स्त्री-खेळाडूंची यादी पाहिली तर तीत टेनिसवाल्याच अधिक दिसतात. यात योगायोग नाही. जिथे भांडण झाले तिथे दाम मिळाला. तरीसुद्धा 'फोर्ब्स'ने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या पन्नास श्रीमंत कमावत्या खेळाडूंत एकही स्त्री नाही. त्या यादीत वर बसलेला फुटबॉलपटू रोनाल्डो तेव्हा वर्षाला २७ कोटी ५० लाख डॉलर मिळवत होता. बुद्धिबळात तर मैदान, ताकद, वेग यांची सबबही चालत नाही; तरी नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली स्त्रियांचा विश्वचषक जिंकला तेव्हा पहिले बक्षीस ५० हजार डॉलरचे होते, आणि त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाचे १ लाख २० हजारांचे. घोडा अडीच घरेच चालतो. तो कुणाच्या हातात आहे यावर त्याची किंमत ठरते.

आता ज्या खेळांना बाजारच नाही, त्यांच्याकडे येतो. इथे जबाबदारी बाजाराची नाही, आपली आणि आपल्या सरकारची आहे. १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांना वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागले. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग काय विचारता! शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून गुरूचे घर सोडवले, असे सांगतात. मिरवणुकीत गाड्या जुंपणाऱ्यांपैकी किती जणांनी आधी वर्गणीचे रुपये दिले होते, हे मात्र कुणी सांगत नाही. पुढे ते पोलिसांत फौजदार झाले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

सत्तर वर्षांत ही वरातीमागून घोडे धाडण्याची रीत बदलली का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ७२ वर्षांनी! तोवर तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. शासनाने लगोलग एक कोटी जाहीर केले. तेव्हा लोकांना कळले की हरियाणात कांस्यपदकाला अडीच कोटी देतात. आणि मग अडीच का एक यावर वर्तमानपत्रांत खल झाला. माझ्या मते तो खलच चुकीच्या रकमेवर झाला. पदक मिळाल्यानंतर एक द्या, अडीच द्या की पाच द्या. त्या पैशाने मिळालेले पदक दुसऱ्यांदा मिळत नाही. पैसा लागतो तो आधी: काडतुसांना, प्रशिक्षकाला, प्रवासाला, आणि ज्याला अजून काहीच मिळालेले नाही अशा पोराच्या दोन वेळच्या जेवणाला. कुस्तीचे पाहा. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात जीपगाडी आणि पाच लाख रुपयेही मिळाले. पण त्या एका गदेमागे तालमीतालमींतून बदाम-दूध-तुपाच्या खुराकासाठी घरची म्हैस, नाही तर वावर विकणारे किती बाप आहेत! जो जिंकला त्याची गाडी फोटोत दिसते. जे हरले त्यांचे वावर दिसत नाही.

आणि इथेच मला पालकांशी बोलायचे आहे. शाळेत दर जूनला एखादा तरी बाप विचारतो, "गुरुजी, याला क्रिकेटला घालू का?" त्याच्या डोळ्यांसमोर आकडे असतात. बिहारच्या वैभव सूर्यवंशीला तेराव्या वर्षी १ कोटी १० लाख मिळाल्याचे त्याने वाचलेले असते. मी त्याला त्याच लिलावाचे दुसरे आकडे सांगतो. नाव नोंदवले १,५७४ खेळाडूंनी. विकले गेले १८२, आणि त्यांतही परदेशी होतेच. हे नाव नोंदवणारे गल्लीतले नव्हेत. आपापल्या राज्याचे, देशाचे निवडलेले. लाखो पोरांतून चाळून आलेल्या नवांपैकी आठजण तिथेही रिकाम्या हाताने परतले. मुलाला जरूर खेळू द्या. पण लॉटरीचे तिकीट म्हणून खेळवू नका. अशा पोराला खेळाचा आनंद तर मिळत नाहीच, आणि सतराव्या वर्षी निवड हुकली की आपण घराचे कर्ज बुडवले, या ओझ्याने ते खचते.

याउलट दुसऱ्या टोकाचे पालक म्हणतात, "खेळून का पोट भरते?" इंग्लंडात १९६२ पर्यंत बिनपैशाचे खेळणारे 'जंटलमन' आणि पैसे घेणारे 'प्लेअर' असा भेद होता, दोघांची मैदानात उतरण्याची दारेसुद्धा वेगळी. पैसे घेऊन खेळणारा हलका, ही त्यांची समजूत. त्यांनी ती टाकून दिली. आपण जपून ठेवली आहे. गवयाने बिदागी घेतली तर ती कला, डॉक्टराने फी घेतली तर तो व्यवसाय, आणि खेळाडूने रोजी मागितली तर तो लोभ! खेळ हे श्रम आहेत. शरीर झिजवणारे, पस्तिशीच्या आत संपणारे, उरलेल्या आयुष्याला गुडघेदुखी देणारे श्रम. त्यांचा मोबदला मागणे यात काहीही हलके नाही.

मग करावे काय? माझ्या मागण्या तीनच. पहिली: ज्या खेळाचे प्रक्षेपण विकले जाते, त्या उत्पन्नातला ठरावीक आणि लक्षणीय हिस्सा खेळाडूंचा, हे कराराने लिहिले जावे, आणि तो केवळ वरच्या दहांपुरता न राहता जिल्ह्यापर्यंत झिरपावा. दुसरी: शासनाने पदकानंतरच्या कोटींतले काही कमी करून पदकाआधीच्या हजारांत घालावेत. गदा देण्याआधी खुराक द्यावा. तिसरी मागणी शाळांकडे: वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताला आणि परीक्षेच्या उजळणीला दान देण्याची रीत बंद व्हावी. ही रीत मी जवळून पाहतो. तो तास खाऊन आपण विश्वचषकाच्या दिवशी मुलांना घोषणा द्यायला लावतो.

चौथी गोष्ट मागणी नव्हे, ती तुमच्या आमच्या हातातली आहे. प्रक्षेपणाचे ४८,३९० कोटी कुणाच्या डोळ्यांवर मोजले गेले? आपल्याच. आपण काय बघतो त्यावर त्या बाजाराची बोली लागते. तेव्हा "बाजारच तसा" म्हणून हात झटकण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. दिवाळी सरली की गावोगावच्या जत्रा सुरू होतील, कुस्त्यांचे फड लागतील, कबड्डीचे सामने गल्लीच्या तोंडाशी दिव्यांच्या माळेखाली रंगतील, कुठे मुलींचा खो-खो असेल. वर्गणीची पावती घेऊन पोरे दाराशी आली तर "पुढच्या आठवड्यात या" म्हणू नका. घरातल्या मुलांना, मुलींना विशेषतः, घेऊन जा. तिकीट असेल तर ते काढा, फुकटचा पास मागू नका. आणि तिथे बसून एखाद्या पोरीने खांबाला वळसा घालून गडी चुकवला, की शेजाऱ्याला हे विचारू नका की हिला किती मिळतात. आपण हिला किती दिले, एवढेच विचारा.